रामकथा जनतेची, मालकी कोणाची?

२ फेब्रुवारी २०२४ रोजी पुण्यात, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात, विद्यार्थ्यांनी बसवलेला एक नाट्यप्रयोग चालू असतानाच बंद पाडण्यात आला. रामलीलेत काम करणाऱ्या नटांचे रंगपटातील आपापसातले बोलणे-वागणे, एवढाच त्या नाटकाचा विषय होता. अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी भावना दुखावल्याची ओरड केली, पोलिसांत तक्रार झाली आणि विभागप्रमुख व पाच विद्यार्थी अशा सहा जणांना अटक झाली. त्याच वर्षी मार्च महिन्यात मुंबईच्या आयआयटीत रामायणावर बेतलेले एक नाटक विद्यार्थ्यांनी केले. त्याबद्दल काही विद्यार्थ्यांना १ लाख २० हजार रुपयांपर्यंत दंड ठोठावल्याचे जूनमध्ये उघडकीस आले. त्यापूर्वी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, उत्तर प्रदेशातील बुढाना या आपल्या गावी रामलीलेत मारीचाची भूमिका करण्याची बालपणापासूनची इच्छा पुरी करू पाहणाऱ्या नवाजुद्दीन सिद्दीकी या प्रसिद्ध नटाला, तो मुसलमान आहे म्हणून झालेल्या विरोधामुळे, ती भूमिका सोडावी लागली होती.

या तिन्ही घटनांची स्थळे वेगळी, माणसे वेगळी. परंतु त्यांच्यामागचा दावा एकच आहे. रामकथेला एक मालक आहे, तिचे एकच शुद्ध रूप आहे, ती कोणी सांगावी व कशी सांगावी हे ठरवण्याचा अधिकार त्या मालकाचा आहे, आणि जो त्याला विचारल्याशिवाय ती रंगमंचावर आणील त्याची रवानगी पोलीस चौकीत होईल, असा तो दावा आहे. हा दावा धर्माच्या भाषेत मांडला जातो म्हणून आपल्यातील अनेकजण त्याला धार्मिक प्रश्न समजतात आणि बाजूला होतात. आमच्या मते हा मुळीच धार्मिक प्रश्न नाही. या देशातील कष्टकरी जनतेने शेकडो वर्षे आपल्या घामाने जोपासलेल्या सांस्कृतिक ठेव्याची मालकी बळकावण्याचा तो प्रयत्न आहे. जमिनीच्या मालकीचा प्रश्न आपण जितक्या गांभीर्याने घेतो, तितक्याच गांभीर्याने त्याकडे पाहिले पाहिजे.

रामकथा एक नव्हे, अनेक

मालकीच्या या दाव्याला सर्वांत सडेतोड उत्तर पंडितांच्या ग्रंथात शोधण्याची गरज नाही. ते खेड्यापाड्यांतील लोककलावंतांनी केव्हाच देऊन ठेवले आहे.

आंध्रात धर्मावरमजवळ निम्मलकुंटा नावाचे गाव आहे. तेथील काही कुटुंबे पिढ्यान् पिढ्या चामडी बाहुल्यांचा खेळ, म्हणजे तोलु बोम्मलाट, करीत आली आहेत. शेळीचे कातडे पारदर्शक होईतो तासून, त्यावर नाजूक छिद्रे पाडून व रंग भरून माणसाच्या उंचीच्या जवळपास पोचणाऱ्या बाहुल्या केल्या जातात आणि पांढऱ्या पडद्यामागे दिवा लावून रात्रभर राम-रावण युद्ध उभे केले जाते. काव्य तेलुगू रंगनाथ रामायणाचे. पण खेळ संपवून हे कलावंत घरी परतले की आपसात जी भाषा बोलतात ती मराठीची एक बोली आहे. कर्नाटकातील किळ्ळेक्यात आणि तमिळनाडूतील बाहुलीवाले यांच्या घरातही अशीच मराठीची बोली आढळते. मराठी मुलखातून दक्षिणेकडे सरकत गेलेल्या या भटक्या माणसांनी तेलुगू, कन्नड, तमिळ अशी ज्या गावची जी भाषा, तिच्यात रामकथा सांगितली. कोणत्याही पीठाने त्यांना तसे करण्याची आज्ञा दिली नव्हती आणि कोणत्याही सीमेवर त्यांची भाषा तपासली गेली नव्हती. या खेळात रामासीतेच्या जोडीला बंगारक्का, केतिगाडू अशी विदूषकी पात्रे असतात. ती राजालाही सोडत नाहीत, सावकारालाही सोडत नाहीत, आणि त्यांचे विनोद इतके उघडेवाघडे असतात की आजच्या भावनारक्षकांनी ते ऐकले तर पहाटेपर्यंत अख्खा गाव गजाआड जाईल.

पश्चिमेला केरळात या, तर पालक्काड, त्रिशूर व मलप्पुरम या भागांतील भद्रकालीच्या देवळांपुढे कूत्तुमाडम नावाचे कायमचे बाहुलीघर बांधलेले असते. तेथे कंबनाच्या तमिळ रामायणावर आधारलेले तोलपावकूत्तु रात्रीमागून रात्री चालते. भद्रकाली दारिकासुराशी लढण्यात गुंतली असल्याने तिला राम-रावण युद्ध पाहता आले नाही, म्हणून ते तिच्यासाठी पुन्हा करून दाखवायचे, अशी त्यामागची कथा आहे. म्हणून समोर एकही माणूस बसलेला नसला तरी पडद्यामागे दिव्यांच्या धगीत बसून पुलवर पहाटेपर्यंत श्लोकांचा अर्थ सांगत राहतो. तमिळ काव्य, मल्याळी निरूपण आणि प्रेक्षक म्हणजे एक देवी: कोणत्या शुद्धतेच्या फूटपट्टीने हे मोजणार?

बंगालच्या पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यातील नया गावचे पटुआ कागदाचा लांब पट गुंडाळीतून हळूहळू उलगडत सीताहरणाचे गाणे गातात. हे चित्रकार धर्माने मुसलमान आहेत. मेवातचे मुसलमान जोगी भपंगच्या साथीवर पांडवांची कथा गातात; ती मेवाती बोलीत रचली सादुल्ला नावाच्या मेव कवीने. मलबारात मोपला रामायण आहे. त्यातली माणसे मोपला समाजाच्या बोलीत बोलतात आणि रुसतात-भांडतातही त्याच समाजाच्या रीतीने. पुरुलियात चैत्रात भुईवर रात्र रात्र चालणाऱ्या छौ नाचात रावणाचा आणि महिषासुराचा भव्य मुखवटा चढवून उडी घेणारा नाचा बहुधा महातो, मुंडा वा भूमिज शेतकरी-शेतमजूर असतो. तो मुखवटा चडिदा गावच्या सूत्रधारांनी केलेला असतो.

आणि आपल्या महाराष्ट्रात? सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी सादर करतात. हाताने रंगवलेली सुटी चित्रे एकामागून एक समोर धरून, वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीवर रामायण-महाभारतातील आख्यान सांगायचे. अशा चित्रांच्या गठ्ठ्याला ते पोथी म्हणतात. त्याच जिल्ह्यात आणि शेजारच्या गोव्यात दशावताराची मंडळी पेटारा घेऊन जत्रेमागून जत्रा करतात. लिखित संहिता नसते; आख्यान ठरले की रावणही आपले संवाद त्याच रात्री जागच्या जागी रचतो. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण ज्या प्रयोगापासून मोजतो तो विष्णुदास भावे यांचा ५ नोव्हेंबर १८४३ चा सांगलीचा प्रयोगही सीतास्वयंवराचाच होता, आणि त्याची प्रेरणा कर्नाटकातून आलेल्या भागवत खेळांची होती.

या सर्वांहून मोठा ठेवा मात्र ना रंगमंचावर आहे ना पडद्यामागे. तो जात्यावर आहे. पहाटे दळणाऱ्या बायांच्या एक लाखाहून अधिक ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांत हिंडून गोळा केल्या. त्यांत रामाच्या पराक्रमापेक्षा सीतेचा वनवास अधिक आहे. त्यांतली सीता ही देवी कमी आणि सासुरवाशीण अधिक. सासूच्या आग्रहाने तिने रावणाच्या पायाचा अंगठा भिंतीवर काढला, सासूने चित्र पुरे केले आणि आळ सीतेवर आला, ही गोष्ट वाल्मीकीच्या काव्यात नाही. ती घराघरांत घडत होती म्हणून ओवीत आली. अशा स्त्रियांचीच रामकथा सोळाव्या शतकात बंगालच्या चंद्रावतीने काव्यात रचली, आणि तेलुगू स्त्रियांच्या गाण्यांतही ती आहे.

अनेकत्व का आले?

हे वैविध्य म्हणजे संग्रहालयात मांडून ठेवण्याची गंमत नव्हे. त्याला सामाजिक कारण आहे. ज्याला लिहिता-वाचता येऊ दिले गेले नाही, ज्याला देवळाच्या गाभाऱ्यात शिरकाव नव्हता, ज्याच्या नावावर जमिनीचा तुकडा नव्हता, त्याने आपले दुःख, आपला राग आणि आपला न्यायाचा हिशेब सांगण्यासाठी जवळ असलेली सर्वांत मोठी गोष्ट घेतली आणि तिच्यात आपले जगणे भरले. उत्तर तमिळनाडूत द्रौपदी अम्मनच्या उत्सवात गावोगाव महाभारताचे तेरुक्कूत्तु होते. अखेरच्या दिवशी जमिनीवर मातीचा प्रचंड दुर्योधन घडवतात, त्याला पाडून द्रौपदी आपले मोकळे केस बांधते आणि त्यानंतर भक्त निखाऱ्यांवरून चालतात. भर सभेत अपमान झालेल्या बाईचा सूड एक अख्खा गाव आपला मानतो, यात जमिनीच्या आणि जातीच्या जाचाखाली दबलेल्या माणसांची एक इच्छा बोलत असते.

सत्ताधाऱ्यांना ही शक्ती नेहमीच कळलेली आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. कथा महाभारतातील, पण कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षागृहातील कोणालाही सांगावे लागत नव्हते. १९१० मध्ये ब्रिटिश सरकारने त्यावर बंदी घातली. रामायण-महाभारताच्या प्रयोगांवर आज जे बंदी मागतात ते कोणाचा वारसा चालवीत आहेत, हे त्यांनी एकदा तपासून पाहावे.

पण डोळे झाकून गौरव नको

लोककलांबद्दल बोलताना आपल्यातील काही मित्र भाबडे होतात. लोकांचे ते सर्व पुरोगामी, असे समीकरण ते मांडतात. हे समीकरण चुकीचे आहे. या कला सरंजामी समाजात वाढल्या आणि त्या समाजाचे व्रण त्यांच्या अंगावर आहेत. सावंतवाडी संस्थानचा आश्रय, बनारसच्या राजाच्या छत्राखाली महिनाभर चालणारी रामनगरची रामलीला, देवळाच्या उत्पन्नातून मिळणारा शिधा, या सर्वांतून कला जगली. तशीच ती जातीच्या चौकटीत बंदिस्तही झाली. कोणी नाचायचे, कोणी वाद्य वाजवायचे, कोणी मुखवटा करायचा आणि कोणी खुर्चीवर बसून पाहायचे हे जन्माने ठरे. आजही दशावतारात द्रौपदी पुरुषच उभी करतो. पडद्यामागे स्त्रीला जागा मिळावी म्हणून केरळच्या तोलपावकूत्तु परंपरेत अगदी अलीकडे मुलींना स्वतःचा गट बांधावा लागला.

छत्तीसगढच्या तीजनबाईंचे उदाहरण आपल्या डोळ्यांपुढे आहे. पारधी समाजातील ही मुलगी पंडवानी गाऊ लागली तेव्हा तिच्या समाजाने तिला वाळीत टाकले. बाईने गायचेच तर बसून गावे, अशी रीत होती; तिने पुरुषांची उभी कापालिक शैली घेतली, हातातील तंबोऱ्याची कधी गदा केली, कधी धनुष्य केले, आणि भीम असा उभा केला की देशोदेशीचे प्रेक्षक उठून उभे राहिले. २००३ मध्ये पद्मभूषण आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण तिला मिळाले. तिच्या अंगचे मोठेपण पहिल्यांदा ओळखणाऱ्यांत हबीब तन्वीर होते, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तिला वाळीत टाकणाराही लोकच होता, हेही सांगितले पाहिजे.

केरळ कलामंडलममध्ये शिकलेले कलामंडलम हैदरअली हे कथकलीचे मोठे गायक होते. २००६ साली त्यांचे निधन झाले. रामकथेची आणि महाभारताची पदे त्यांच्या तोंडून ऐकण्यासाठी रसिक रात्र जागवीत. परंतु जन्माने मुसलमान असल्याने अनेक देवळांच्या आवारात त्यांना पाऊल टाकता येत नव्हते. ज्या गळ्याने देवाची कथा सांगितली, त्या गळ्याचा माणूस देवाच्या अंगणाबाहेर उभा. लोकपरंपरेत शिरलेल्या या विषाकडे दुर्लक्ष करून तिचा गौरव करणे हा तिचा अपमानच होय. परंपरेच्या आत जो झगडा चालू आहे त्यात आपण तीजनबाईंच्या आणि हैदरअलींच्या बाजूचे आहोत, हे आपण स्पष्ट सांगितले पाहिजे.

एकच रामायण कसे घडवले गेले

या सर्व विविधतेवर पहिला मोठा घाला पडला तो दूरदर्शनच्या काळात. २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी रामानंद सागर यांची मालिका सरकारी दूरदर्शनवरून दाखवली गेली. रस्ते ओस पडत, दूरचित्रवाणी संचाला हार घातले जात. मालिका चांगली की वाईट हा प्रश्न येथे गौण आहे. मुख्य गोष्ट ही की राज्ययंत्रणेने आपल्या मक्तेदारीच्या माध्यमातून प्रथमच देशाला एक वेश, एक बोली, एक चेहरा असलेली एकच रामकथा दिली. ज्या भाषेत, ज्या बोलीत ती नव्हती त्या सर्व रामकथा एका फटक्यात स्थानिक, गावठी आणि अशुद्ध ठरल्या. त्यानंतरच्या चार वर्षांत या एकाच प्रतिमेचा वापर करून रथयात्रा निघाली आणि ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडण्यात आली. मालिकेने मशीद पाडली असे आम्ही म्हणत नाही. परंतु जी प्रतिमा तेथे झेंड्यावर मिरवली गेली ती घराघरांत आधीच पोचलेली होती, हे विसरता येत नाही.

याच मालिकेच्या संदर्भात घडलेली एक गोष्ट कामगार चळवळीने लक्षात ठेवावी अशी आहे. १९८८ च्या उन्हाळ्यात मालिका उत्तरकांडाच्या आधीच संपवण्याचे ठरले, तेव्हा जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला. ते वाल्मीकी समाजाचे. महर्षी वाल्मीकीच्या आश्रमात लव-कुश वाढले, सीतेला आसरा मिळाला, तो भाग वगळला जातो आहे. म्हणजे आमचा पूर्वज कथेतून वगळला जातो आहे, हे त्यांनी ओळखले. संप इतर शहरांत पसरला आणि सरकारला पुढचे भाग काढणे भाग पडले. कचरा उचलणाऱ्या हातांनी काम थांबवून सांगितले की कथेच्या शेवटावर आमचाही हक्क आहे. यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा की महाकाव्य हे वर्गसंघर्षाचे रणांगण आहे?

त्यानंतरचा इतिहास आपल्याला माहीत आहे. ऑगस्ट १९९३ मध्ये सहमतने भरवलेल्या 'हम सब अयोध्या' या प्रदर्शनावर फैजाबादेत हल्ला झाला. बौद्ध दशरथ जातकातील रामकथेचा उल्लेख असलेला एक फलक हे निमित्त होते. ऑक्टोबर २०११ मध्ये ए. के. रामानुजन यांचा 'तीनशे रामायणे' हा निबंध दिल्ली विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून काढून टाकण्यात आला. रामकथा एक नाही, अनेक आहेत, एवढेच त्यात सप्रमाण सांगितले होते. जे विद्वानाने लिहिले ते निम्मलकुंट्याचा बाहुलीवाला, नया गावचा पटुआ आणि जात्यावरची बाई शेकडो वर्षे करीत आली आहे. निबंध अभ्यासक्रमातून काढता येतो. ओवी कोणत्या अभ्यासक्रमातून काढणार? म्हणूनच ती गाणारे जग आपोआप मरेल अशी व्यवस्था करणे अधिक सोयीचे ठरते.

कलावंत हा कामगार आहे

आणि ते जग मरत आहे, हे मान्य केले पाहिजे. त्याचे कारण लोकांची अभिरुची घसरली हे नव्हे. त्याचे कारण आर्थिक आहे.

लोककलावंताचा हंगाम वर्षातून चार-सहा महिन्यांचा असतो. पुरुलियाचा नाच्या पावसाळ्यात दुसऱ्याच्या शेतात भात लावतो. दशावतारातला नट दिवसा बागेत वा हॉटेलात राबतो आणि रात्री राजाचा मुकुट चढवतो. रात्रीच्या प्रयोगाचे जे पैसे ठरतात त्यातून मालक, वाहन, रंग, पोशाख यांचे वजा होते आणि उरलेल्यात आठ-दहा माणसांचे वाटे पडतात. निम्मलकुंट्यात खेळाला गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा कलावंतांनी त्याच चामड्याचे, त्याच छिद्रांचे, त्याच रंगांचे दिव्यांचे लॅम्पशेड करायला सुरुवात केली. शहरातील दिवाणखान्यात त्याच्यावर हनुमान उजळतो. पण ज्याने तो कापला त्याला आता पडद्यामागे हनुमान उडवण्याची संधी क्वचितच मिळते. युनेस्कोने कुटियाट्टम, रामलीला आणि छौ यांची गणना मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. २०२० मध्ये निम्मलकुंट्याच्या दलवाई चलपती राव यांना, २०२१ मध्ये पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना आणि केरळच्या के. के. रामचंद्र पुलवर यांना पद्मश्री मिळाली. आम्हाला त्याचा आनंद आहे. परंतु पदक भिंतीवर लागते. रेशनच्या दुकानात ते चालत नाही. आणि एकाला पदक मिळाल्याने उरलेल्या शंभरांचा हंगाम भरत नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली ती नेमकी हंगामाच्या ऐन भरात. दशावताराच्या जत्रा बंद, तोलपावकूत्तु बंद, चैत्रातला छौ बंद. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्याच काळात सरकारी दूरदर्शनने मात्र १९८७ ची मालिका पुन्हा दाखवून रामकथेची सेवा केल्याचे समाधान मिळवले. कथा पडद्यावर होती आणि कथा सांगणारा उपाशी होता. शासकवर्गाच्या सांस्कृतिक धोरणाचे याहून नेमके चित्र काढता येणार नाही.

लोककलावंत हा स्वयंरोजगारावर जगणारा असंघटित कामगार आहे. २००८ च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्याने अशा कामगारांचे अस्तित्व तत्त्वतः मान्य केले होते; प्रत्यक्षात त्याच्या पदरात फारसे पडले नाही. तमिळनाडूत लोककलावंतांसाठी आणि केरळात सांस्कृतिक क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी कल्याण मंडळे झाली आहेत. इतरत्रही तशी व्हावीत यासाठी लढे दिले पाहिजेत. नोंदणी, वृद्धापकाळी निवृत्तिवेतन, प्रवासात व प्रयोगात होणाऱ्या अपघाताचा विमा, सरकारी महोत्सवांत ठरलेले किमान मानधन आणि ते मध्यस्थाविना थेट कलावंताच्या हाती, या मागण्या काही मोठ्या क्रांतिकारी नव्हेत. पण त्या मान्य होतील तेव्हा रामकथा सांगणारा माणूस देणगीसाठी कोणाच्या दारात उभा राहणार नाही. ज्याच्या देणगीवर रामलीला चालते, तोच मारीच कोणी व्हावे हे ठरवतो, हे बुढान्याने आपल्याला शिकवले आहे.

आपला हिशेब

आता थोडे स्वतःकडे पाहू. २५ मे १९४३ रोजी मुंबईत इप्टाची स्थापना झाली, तेव्हा या देशातील कम्युनिस्टांनी लोककलांचे महत्त्व कोणाहीपेक्षा आधी ओळखले होते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने तमाशाला लोकनाट्य केले. गणपतीच्या गणाच्या जागी मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आणले. आंध्रात शेख नाझर यांनी बुर्रकथेच्या तंबुऱ्यावर दुष्काळाची आणि लढ्याची कथा गायली; शेकडो वर्षे वीरांच्या आणि देवांच्या कथा सांगणारा तो प्रकार शेतकऱ्याचा प्रकार झाला. १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादेत कामगारांपुढे पथनाट्य करताना सफदर हाश्मींवर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी प्राण सोडला. ही परंपरा आपली आहे.

परंतु या परंपरेत आपल्याकडून दोन चुका झाल्या. पहिली ही की, महाकाव्य म्हटले की अंधश्रद्धा, असे समजून आपल्यातील कित्येकांनी ती जागा सोडून दिली. गावात आख्यान लागले की आपला कार्यकर्ता घरी बसला. आणि रिकाम्या जागी कोण येऊन बसले हे आपण पाहतोच आहोत. देवावर विश्वास नसणे हा आपला अधिकार आहे. पण ज्या कथेत आपली आई रडली, तिच्याशी आपला संबंध नाही असे म्हणणे हे भौतिकवादाचे लक्षण नव्हे, ते जनतेपासून तुटण्याचे लक्षण आहे. दुसरी चूक याच्या उलट: लोककलेचा साचा घ्यायचा, त्यात निवडणुकीचा प्रचार भरायचा आणि निवडणूक संपली की कलावंताला विसरायचे. चित्रकथ्याला आपण आपले पोस्टर धरायला दिले. त्याच्या पोथीत काय आहे, हे विचारले नाही. दोन्ही चुकांच्या मुळाशी एकच अहंकार आहे: शिकवणारे आपण आणि शिकणारा तो.

म्हणून आमचे देशभरातील मराठीभाषक पक्षसभासदांना काही ठोस सांगणे आहे. तुम्ही अनंतपुरात असाल, कन्याकुमारीकडे असाल, बेळगावात, पणजीत, इंदुरात, रायपुरात वा भिलाईत असाल. तुमच्या आसपास असा कोणीतरी बाहुलीवाला, पंडवानी गाणारी बाई, कोणीतरी दशावतारी आहे. त्यांच्यापैकी काहींची घरची बोली तर तुमचीच आहे. प्रथम त्यांच्या घरी जा आणि ऐका. त्यांच्या कथेत राम कोण आहे, रावण कोण आहे, सीतेचे काय होते, विदूषक कोणाला टोमणा मारतो, हे लिहून काढा. मग विचारा की हंगाम किती दिवसांचा, रात्रीचे किती मिळतात, मुले शाळेत जातात का, म्हातारपणाची काय सोय आहे. त्यांची नावे मजूर म्हणून नोंदवा, त्यांची संघटना उभी करायला मदत करा आणि किमान मानधनाची मागणी आपल्या मोर्चांच्या निवेदनात घाला. जेथे नाटक बंद पाडले जाईल, जेथे मुसलमानाला वा दलिताला भूमिका नाकारली जाईल, तेथे प्रेक्षकांत आपली माणसे बसलेली असली पाहिजेत आणि गरज पडली तर ती उठून उभी राहिली पाहिजेत.

रामकथा कोणाची, हा प्रश्न न्यायालयात सुटणार नाही आणि धर्मसंसदेतही सुटणार नाही. ज्यांनी ती कातडे तासून, पट रंगवून, मुखवटा चढवून आणि जाते ओढून जिवंत ठेवली, त्यांच्या पोटापाण्याचा आणि मानाचा प्रश्न जेवढा सुटेल तेवढाच तो सुटेल. पहाटे पडदा उतरतो, बाहुल्या पेटाऱ्यात जातात आणि रात्रभर रामाला आवाज देणारा माणूस कामाला निघतो. तो ज्या वाटेने निघतो, त्याच वाटेवर आपला पक्ष उभा राहिला पाहिजे.